पांडुरंगाची सासुरवाडी

देवाची सासुरवाडी कोठे, असे कोणी विचारले तर वारकऱ्याचे पोरसुद्धा सांगेल की विदर्भात, कौंडण्यपुरास. आईसाहेबांचे माहेर ते. आषाढीस तेथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरीस येते आणि जावयाच्या गावात तिचा मान होतो. हे सारे खरे आहे. परंतु देवाला सासुरवाडी एकच नव्हती. दुसऱ्या एका सासुरवाडीहून पालखी येत नाही, तिथे सांजवात लागत नाही, तिथला पत्ता कोणा बडव्याच्या वहीत सापडायचा नाही. ती सासुरवाडी अस्वलाच्या गुहेत आहे. देवाच्या अष्टनायिकांपैकी जांबवती ही जांबवंताची लेक, आणि जांबवंत हा ऋक्षराज, म्हणजे अस्वलांचा राजा. नात्याने पाहू गेल्यास रानातले अस्वल हे पांडुरंगाच्या सासरचे माणूस झाले. आजचे आमचे निरूपण या सोयरिकीवर आहे. ते केवळ पुराणातले नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या रानाचे आहे, आणि थोडेसे आपल्या हुपरीच्या भट्टीचेही आहे.

श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधात छपन्नावा अध्याय स्यमंतक मण्याचा. गणेशचतुर्थीस चुकून चंद्र दिसला की घरोघर हीच कथा वाचतात, म्हणून ती बहुतेकांच्या कानावरची आहे. पण देवावरचा आळ फिटला एवढ्यापुरतीच ती आपण ऐकतो, आणि मधला गुहेतला भाग घाईने उरकतो. आज तिथेच जरा बसू.

सत्राजिताला सूर्यनारायणाने मणी दिला. रोज आठ भार सोने देणारा मणी! श्रीकृष्णाने सुचविले, हा उग्रसेन राजापाशी असावा. सत्राजिताने ऐकले नाही. त्याचा भाऊ प्रसेन तो मणी गळ्यात घालून शिकारीला गेला. रानात सिंहाने प्रसेनाला मारले, त्या सिंहाला जांबवंताने मारले, आणि मणी गुहेत गेला. इकडे द्वारकेत कुजबूज सुरू झाली की कृष्णानेच प्रसेनाला मारून मणी लांबविला. ज्याच्या घरी लक्ष्मी पाय चेपते त्याच्यावर चोरीचा आळ! लोभाची दृष्टी अशीच असते. जिकडे पाहावे तिकडे तिला चोरच दिसतात.

आता इकडे जांबवंताने त्या मण्याचे काय केले, ते पाहा. लपवून ठेवला नाही, त्याची राखण बसविली नाही. लेकराच्या हाती खेळायला दिला. रोज आठ भार सोने देणाऱ्या वस्तूचा त्याने खुळखुळा केला! माणसांच्या राजधानीत ज्या मण्यापायी भावाला भाऊ मुकला, आणि पुढे सत्राजिताचाही जीव गेला, त्याची अस्वलाच्या घरी किंमत एवढीच की बाळ रडायचे थांबते. व्यासमहर्षींनी हे एका वाक्यात सांगून टाकले आहे. आम्हाला मात्र त्या वाक्यापाशी प्रत्येक वेळी थांबावेसे वाटते.

देव माग काढीत गुहेच्या तोंडाशी आला. बरोबरच्या लोकांना बाहेर थांबवून एकटा अंधारात शिरला. पाहतो तो मणी बाळापाशी. देव जवळ गेला, दाईने परका माणूस पाहिला आणि किंकाळी फोडली. जांबवंत धावून आला. पुढे अठ्ठावीस दिवस झुंज चालली. बाहेरच्या मंडळींनी बारा दिवस वाट पाहिली आणि रडत द्वारकेस परतली. आत मात्र मुठीवर मूठ आदळतच होती.

श्रोते हो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जांबवंत द्वारकेस गेला नव्हता. त्याने कोणाचे दार फोडले नव्हते. परका त्याच्या घरात शिरला, त्याच्या लेकराजवळ उभा राहिला, दाई किंचाळली, म्हणून तो धावला. कोणता बाप धावणार नाही? आणि देवाने काय केले? अठ्ठाविसाव्या दिवशी जांबवंत थकला, त्याला ओळख पटली की हा माझा रामच. तेव्हा देवाने त्याच्या घामेजल्या अंगावरून हात फिरविला आणि त्याची पीडा दूर केली. देवाला त्याचा जीव घेणे अवघड नव्हते. त्याने घेतला नाही. शिकारीच्या वाटेने गेलेला देव सोयरीक करून परतला. जांबवंताने मणी दिला आणि लेकही दिली.

पाठशाळेत अमरकोश घोकताना सिंहादिवर्गात अस्वलाची नावे आम्ही शिकलो: ऋक्ष, अच्छभल्ल, भल्लूक. त्यातला ऋक्ष शब्द मोठा मानाचा आहे. आकाशातल्या सप्तर्षींना पूर्वी ऋक्षच म्हणत, असे शतपथ ब्राह्मणात आले आहे. आणि गंमत अशी की सातासमुद्रापलीकडचे लोकही त्याच ताऱ्यांना मोठे अस्वल म्हणतात. सात कुलपर्वतांत आपला सह्याद्री आहे, तसाच एक ऋक्षपर्वतही आहे. ज्या जिवाला आपल्या पूर्वजांनी ताऱ्यांत आणि पर्वतांत जागा दिली, त्याला आज सह्याद्रीच्या कपारीत जागा उरेल की नाही, हा प्रश्न पडला आहे. असो, व्याकरण पुरे.

आता हे अस्वल जगते कसे ते पाहू. आपल्याकडचे काळे, झिपरे अस्वल मांसासाठी शिकार करणाऱ्यांतले नव्हे. त्याचे मुख्य अन्न वाळवी आणि मुंग्या. लांब नखांनी वारूळ उकरायचे, फुंकर मारून माती उडवायची, आणि ओठांचा चंबू करून वाळवी ओढून घ्यायची. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात. ती फट देवाने यासाठीच ठेवली. त्या ओढण्याचा आवाज रानात बऱ्याच अंतरावर ऐकू येतो. याखेरीज जांभूळ, उंबर, बोर, करवंद, फणस, बहाव्याची शेंग, आणि मध. आग्या मोहोळाला आपण लांबून नमस्कार करतो, हे वर चढून जाते. खाल्लेल्या फळांच्या बिया त्याच्या विष्ठेतून कोसभर लांब पडतात आणि पावसाळ्यात उगवतात. म्हणजे न सांगता, न पगार घेता झाडे लावीत हिंडणारा हा वनमाळी आहे.

मादी थंडीच्या दिवसांत कपारीत वीत, बहुधा दोन पिलांना जन्म देते. ती पिले बाहेर पडली की आईच्या पाठीवर केसांत बोटे रुतवून बसतात आणि महिनोन्‌महिने तशीच फिरतात. आमच्या आयाबहिणी लेकरू पाठुंगळी बांधून वारीला चालतात, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे चित्र वेगळे सांगावे लागणार नाही. दोन-अडीच वर्षे पिले आईला सोडत नाहीत.

आणि ही आईच मारली जात होती.

आमच्या लहानपणी हुपरी-रेंदाळच्या बाजाराला, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला, दरवेशी अस्वल घेऊन यायचे. डमरू वाजला की पोरे धावत. अस्वल मागल्या पायांवर उभे राही, डोलत राही, आणि लोक म्हणत, नाचते बघा. ते नाचत नव्हते. पिलू कपारीतून काढायचे तर आईला मारावी लागे. मग त्या कोवळ्या पिलाच्या नाकाडातून तापलेली सळई आरपार काढून तिथे दोरी ओवायची, दात पाडायचे, नखे छाटायची. दोरी हिसकली की त्या जखमेची कळ मस्तकात जाई, आणि ती चुकविण्यासाठी जीव उभा राही. एवढाच तो नाच. दरवेशीही पोटासाठीच करीत होता. पिढ्यानुपिढ्या दुसरा हुन्नर त्याला कोणी शिकविला नव्हता. त्याला एकट्याला दोष देऊन आपण सुटत नाही, कारण पैसे टाकणारे आपण होतो. त्या अस्वलाचा केस घेऊन ताइतात घालायचा, पोर दचकत नाही, अशी समजूत घरोघर होती.

हे थांबले ते कीर्तनाने थांबले नाही, हे आम्ही कीर्तनकार असून कबूल करतो. ते कायद्याने थांबले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा १९६० चा. त्याखाली १९९८ साली अधिसूचना निघाली की अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांना खेळ करायला शिकवायचे नाही व दाखवायचेही नाही. त्यानंतर अस्वले सोडविण्याचे काम चालले, सहाशेहून अधिक अस्वले आग्रा, बन्नेरघट्टा अशा ठिकाणच्या आश्रयस्थानांत आली. दरवेशी कुटुंबांना दुसरा रोजगार, बायकांना शिवणकाम, मुलांना शाळा, असे दोन्ही हातांनी काम झाले, म्हणून ते टिकले. २००९ च्या डिसेंबरात शेवटचे म्हणून मोजलेले नाचते अस्वल कर्नाटकात सोडविले गेले. शेकडो वर्षांची रीत एका पिढीत संपली. कायद्याने काय होते, असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी आठवावे.

काही वारकरी बंधू आम्हाला म्हणतात, महाराज, कायदा, सरकार, हरकती, हे आपल्या गळ्यातल्या माळेला कशाला? आपण नाम घ्यावे. नाम घ्यावेच. पण ज्ञानोबारायांनी पसायदानात जिवाजिवांची मैत्री मागितली, तुकोबारायांनी झाडांत आणि रानच्या जिवांत आपले गणगोत पाहिले. गणगोताच्या घरावर नांगर फिरत असता आपण टाळ कुटीत बसलो, तर त्या टाळाला कोणता नाद येईल? शिवाय राजदंडाने जिवांना अभय देणे ही काही विलायती कल्पना नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्षाच्या प्रकरणात अभयवन हा शब्द आहे. ज्या प्राण्यांना अभय दिले आहे त्यांना तिथे बांधील, मारील वा दुखवील त्यास दंड सांगितला आहे. अभयवन! किती सुंदर शब्द आहे. आजच्या अभयारण्याचा तो आजोबाच.

आता हुपरीच्या मंडळींशी दोन शब्द. आपले गाव चांदीचे. पैंजण, वाळे, कमरपट्टे, घुंगरू, आपल्या हातचे दागिने कुठल्या कुठल्या प्रांतांतल्या लेकीसुनांच्या अंगावर वाजतात. चांदीचा टंच आपण असा पारखतो की कोणी फसवू शकत नाही. एके दिवशी एक तरुण कारागीर आम्हाला विचारू लागला, "महाराज, गिऱ्हाईक नख घेऊन येतं. वाघाचं म्हणतंय, अस्वलाचं म्हणतंय. बाळाच्या गळ्यात घालायला चांदीत बसवून द्या म्हणतंय. आम्ही काय मारलंय का जनावर? आम्ही नुस्तं कोंदण करतो." प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर साफ दिले पाहिजे. अस्वल या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. १९८६ च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांच्या अवयवांच्या वस्तू करण्याचा आणि विकण्याचा धंदाच बंद झाला. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतल्या जिवाबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. नख आणणारा आणि ते बसविणारा, दोघेही त्यात सापडतात. पुष्कळदा ते नख शिंग घासून केलेले बनावट असते, हे निराळे. बनावट असेल तर गिऱ्हाईक फसले, खरे असेल तर एक आई मेली. दोन्ही पक्षी त्याला हात लावण्यासारखे काही नाही.

त्या तरुणाला आम्ही जांबवंताच्या बाळाची गोष्ट सांगितली. अस्वलाने सोन्याच्या मण्याचे खेळणे करून आपल्या लेकराला दिले, आणि आपण अस्वलाचे नख तोडून, चांदीत मढवून, आपल्या लेकराच्या गळ्यात बांधतो. तो काही बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यात निरोप आला की एक काम परत पाठविले. किती मजुरी गेली हे आम्ही विचारले नाही. हुपरीतल्या कारागिराची मजुरी किती बारीक असते ते आम्हाला ठाऊक आहे.

इथवर सोपे होते. आता अवघड.

चंदगड भागात सप्ताहाला गेलो असता हीच कथा लावली होती. कीर्तन संपल्यावर मंडळी पाया पडून जात होती, आणि एक साठीच्या आसपासचा शेतकरी मागे राहिला. डोक्याचा पटका त्याने वर केला. एक डोळा नव्हता, गाल कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढल्यासारखा. तो म्हणाला, "म्हाराज, तुमचं समदं खरं. पर तुमच्या देवाच्या त्या सासऱ्यानं माझा डोळा न्हेला की वो."

श्रोते हो, अशा वेळी पुराणातले दुसरे प्रमाण काढून त्या माणसाचे तोंड बंद करणे हे पाप आहे. आम्ही त्याला बसविले, चहा घेतला आणि ऐकले. काजूच्या बोंडांचे दिवस. पहाटे, झुंजुमुंजू व्हायच्या आत, तो एकटा बागेकडे निघाला. पायांत काही वाजत नाही, तोंडाने काही बोलत नाही, वारा समोरून. कारवीच्या दाट झुडपामागे मादी होती, पाठीशी दोन पिले. दोघांनी एकमेकांना पाहिले तेव्हा अंतर काठीभराचे. अस्वलाला वास फार तिखट कळतो, पण नजर मंद आणि कान बेताचे. वारा उलटा असला तर माणूस अगदी अंगावर येईतो त्याला कळत नाही, आणि कळले की ते पळत नाही, उभे राहते आणि तोंडावर पंजा मारते. अस्वलाच्या हल्ल्यात माणसाचा चेहरा जातो तो यासाठी. द्वेष नसतो. पण डोळा गेलेल्या माणसाला द्वेष नव्हता हे सांगून काय उपयोग?

म्हणून आम्ही म्हणतो, अस्वलाला अभय देणारा कायदा माणसाला वाऱ्यावर सोडणारा असता कामा नये. तसा तो नाहीही. अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू आला, अपंगत्व आले, जखम झाली, गुरे मेली, तर राज्य शासनाची नुकसानभरपाई आहे. पण घटना लगेच वनखात्याला कळवावी लागते, पंचनामा व्हावा लागतो, सरकारी दवाखान्याचा कागद लागतो. कागदामागे कागद मागत महिने घालवले जातात, आणि डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस बसच्या खेपा घालतो. ही खेप चुकविण्याचे काम गावातल्या शिकल्या-सवरल्या वारकऱ्याने करावे. अर्ज लिहून द्यावा, सोबत जावे. आम्ही तर म्हणू, पंढरीच्या वारीइतकीच ती वारी समजावी.

दुसरी गोष्ट आम्ही त्या दादांना सांगितली. रानात मुक्याने चालू नये. अंधारात, विशेषतः पहाटे आणि तिन्हीसांजेला, एकट्याने झुडपात शिरू नये; दोघेतिघे मिळून, बोलत, गात, काठी आपटीत जावे. अस्वलाला आपली चाहूल लांबून लागली तर ते आपणहून बाजूला होते. वारकऱ्याला तर हे शिकवायला नको; हरिनाम मोठ्याने घ्यायची सवय आहेच. दादा हसले. म्हणाले, "घुंगरू आमी बैलाच्या गळ्यात बांधतो, आपल्या न्हाई बांधत." आम्ही म्हटले, आता काठीला बांधा.

तिसरी गोष्ट मात्र त्यांच्या हातची नव्हती, आमच्याही एकट्याच्या नाही. अस्वल काजूच्या बागेत का येते? रानात पोट भरत नाही म्हणून. आणि रानात का भरत नाही, ते सह्याद्रीच्या सड्यावर उभे राहिले की दिसते. आपल्या जिल्ह्यात शाहूवाडी, राधानगरी, चंदगड या बाजूंना डोंगरमाथ्यावर जांभ्याचे सपाट सडे आहेत. सड्यावर वारुळे, सड्याच्या कडेला कपारी आणि गुहा. अस्वलाचे ताट आणि घर तिथेच. आणि नेमके त्याच जांभ्याखाली बॉक्साइट. खाण लागली की झाड तुटते हे तर झालेच, पण इथे घराचा दगडच उचलून नेतात. वर उन्हाळ्यात वणवे. गवत चांगले येते म्हणून लावलेली काडी करवंदी, जांभळी, मोहोळे सारे जाळून जाते. भुदरगड तालुक्यातले पाटगाव, मौनी महाराजांचे गाव, आज मधाचे गाव म्हणून ओळखले जाते. मध हवा तर फुले हवीत, फुले हवीत तर वणवा नको, हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही. अस्वल त्याच साखळीतले आहे.

कायद्याने जमीन राखता येते याची साक्ष आपल्या जिल्ह्यातच आहे. दाजीपूरचे रान संस्थानाच्या काळी राजांच्या शिकारीचे. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले, आणि १९८५ साली वाढून राधानगरी अभयारण्य झाले, ३५१ चौरस किलोमीटरचे. गव्यासाठी राखले, पण त्याच्या सावलीत अस्वलही राहिले. भोगावतीचे पाणी त्याच रानातून येऊन पंचगंगेला मिळते. आपल्या पट्ट्यात उसाला पाणी पाजताना हे रान आठवावे. उत्तरेस चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पण राधानगरीपासून दक्षिणेस तिलारी आणि गोव्यापर्यंतची जी चिंचोळी पट्टी, तिथून जनावराची ये-जा चालते, आणि ती पट्टी उघडी होती. २०२० च्या डिसेंबरात राज्य वन्यजीव मंडळाने विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रे करण्याचे ठरविले. ही सरकारी जमिनीवर होतात. कोणाचे शेत त्यात जात नाही. याचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

शेजारी कर्नाटकात पाहा. ज्या विजयनगरी पांडुरंगाची मूर्ती नेली होती आणि जिथून नाथांचे पणजोबा भानुदास महाराज ती परत पंढरीस घेऊन आले, असे आपण परंपरेने मानतो, त्या हंपीपासून जवळच दरोजीला १९९४ साली खास अस्वलांसाठी अभयारण्य झाले. किष्किंधा ती हीच, असे तिकडचे लोक मानतात. जांबवंताच्या कुळाला जांबवंताच्या देशात कायद्याने घर मिळाले! दूर अमेरिकेत यलोस्टोनच्या डोंगरांत १९७५ साली तिथल्या मोठ्या अस्वलाला कायद्याचे संरक्षण मिळाले तेव्हा ती दीडशेही नव्हती. आज सातशेच्या वर आहेत. वेळ लागतो, पण होते.

आता उरला मोठा कायदा. पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्र सरकारने २०१४ साली काढला. मसुद्यामागून मसुदा निघत राहिला. सहावा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला. सहा राज्यांत मिळून सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यांतले १७,३४० महाराष्ट्रात. नव्या खाणी, दगडखाणी, वाळूउपसा बंद, चालू खाणी पाच वर्षांच्या आत आवरत्या घ्यायच्या, घातक कारखाने आणि अवाढव्य वसाहतींना मनाई, असा त्याचा गाभा. शेतीला बंदी नाही, सातबाऱ्यावरचे नाव बदलत नाही. पण गावोगाव बातमी अशी पसरते की घराला कौल घालायलाही परवानगी लागेल. आमचे स्पष्ट मत असे की हा घोटाळा निम्मा खाणवाल्यांच्या फायद्यापोटी आणि निम्मा सरकारच्या मौनापोटी झाला. मसुदा मराठीत, चावडीवर, ओळीने वाचून दाखविला असता तर पुष्कळ शेतकऱ्यांची भीती तिथेच गेली असती. आणि ज्या गावाची अडचण खरी आहे तिचे ऐकलेही पाहिजे. डोंगरातल्या माणसाला न विचारता डोंगर राखता येत नाही. गवळी-धनगरांच्या वाड्या त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोणत्या कपारीत अस्वल आहे हे कार्यालयातल्या नकाशाहून त्यांना अधिक ठाऊक.

मसुदा निघाला की साठ दिवसांत हरकती आणि सूचना मागवतात. आम्ही पाहतो, हरकतींचे गठ्ठे जातात. पाठिंब्याचे पत्र लिहायचे असते हे कोणाच्या ध्यानातच नसते. सरकारला वाटते, लोकांना हे नको आहे. यापुढे अशी वेळ आली की प्रत्येक दिंडीने, प्रत्येक भजनी मंडळाने एक पोस्टकार्ड तरी टाकावे: आम्हाला हा कायदा हवा आहे, आमच्या अमुक अमुक अडचणींची सोय करून हवा आहे. ग्रामसभेत ठराव घ्यावा. वर उल्लेखिलेल्या राखीव क्षेत्रांलगतच्या गावांतल्या वारकऱ्यांनी तर तो आपला पहिला ठराव करावा.

आणि एक छोटे काम चालू झाले आहे, ते कळविणे आम्हाला अगत्याचे वाटते. चंदगडच्या त्या दादांची गोष्ट हुपरीत सांगितली, तेव्हा भजनी मंडळातल्या चार कारागिरांनी उठून विचारले, काठीला बांधायला घुंगरू लागतात ना? चांदीचे नकोत, चोरीस जातील; पितळेचे करतो, जरा मोठ्या तोंडाचे, आवाज लांब जाईल असे. रात्री घरचे काम आटोपल्यावर ते बसतात. पहिली पिशवी भरली आहे. येत्या माघी एकादशीनंतर आम्ही त्या बाजूस सप्ताहाला जात आहोत, तेव्हा घेऊन जाऊ. ज्यांना हात लावायचा असेल त्यांनी अंबाबाईच्या देवळामागे, भजनाच्या वेळी, पितळेची तार घेऊन यावे.

रामकृष्णहरि.